पायाचे किलोमीटर

१९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांमध्ये सर दोराबजी टाटांनी लांब पल्ल्याच्या शर्यतीत अनवाणी धावणारी माणसं पाहिली. त्यांतली बरीचशी शेतकरी घरांतली होती. शास्त्रशुद्ध सरावाचा त्यांना गंध नव्हता आणि तरीही त्यांचं धावणं टाटांना थक्क करणारं वाटलं. पुढच्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकला भारताचा छोटासा चमू गेला. बेळगावच्या फडेप्पा चौगुले यांनी तिथली मॅरेथॉन २ तास ५१ मिनिटांच्या आत पुरी करून १९वं स्थान मिळवलं. त्या वर्षीचं अंतर आजच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा पाचशेहून अधिक मीटरनी जास्तच होतं.

जिमखान्यावरच्या त्या धावपटूंपाशी सरावाचं वेळापत्रक नव्हतं, पण पाया होता. लहानपणापासून कोसच्या कोस चालणं, शेतातली मेहनत, ओझी वाहणं यांतून तो आपोआप घडलेला होता. आज हिंजवडीत किंवा ठाण्यात राहणारा, दिवसाचे नऊ-दहा तास खुर्चीत बसणारा चाळिशीचा माणूस मुंबई मॅरेथॉनचा बिब मिळवतो आणि सोळा आठवड्यांचा प्लॅन मोबाइलवर उतरवून घेतो. त्या प्लॅनमध्ये एक गोष्ट गृहीत धरलेली असते: पाया आधीच तयार आहे. आपल्याकडच्या हौशी धावपटूंच्या बहुतेक दुखण्यांचं मूळ मला या गृहीतकात दिसतं. हौशी धावपटू म्हणजे व्यावसायिक धावपटूची लहान आवृत्ती नव्हे. त्याचं शरीर, त्याचा दिवस आणि त्याची शर्यत, तिन्ही वेगळी असतात, आणि त्याची तयारीही त्याच मापाची हवी.

पहिला फरक शरीराचा. त्यात नेमकं काय घडतं ते पाहू. नियमित धावायला लागलं की काही आठवड्यांतच रक्ताचं प्रमाण वाढतं, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, दम कमी लागतो. पुढे स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं जाळं दाट होतं, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढतात, चरबी जाळून चालत राहण्याची क्षमता सुधारते. ही क्षमता मॅरेथॉनमध्ये फार मोलाची, कारण स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तिसाव्या किलोमीटरपर्यंत संपत येते. धावणारे ‘वॉल लागली’ म्हणतात ते हेच. मुंबईत परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ नेमका याच सुमारास समोर येतो. पण स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या कंडरा आणि खुद्द हाडं यांचा वेग निराळा. त्यांना मजबूत व्हायला कित्येक महिने लागतात, काही बाबतींत वर्षं. म्हणून तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मोठा फसवा काळ येतो. छाती म्हणते, अजून पळ. नडगी आणि टाच अजून तयारच नसतात. टाचदुखी, नडगीचं दुखणं, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची कळ, ही सगळी मंडळी याच सुमारास दवाखान्याच्या रांगेत दिसतात.

न्यूझीलंडच्या आर्थर लिडियार्ड या प्रशिक्षकाने हे प्रयोगशाळेविना ओळखलं होतं. बुटांच्या कारखान्यात काम करता करता तो स्वतःवरच प्रयोग करत राहिला आणि त्यातून एक पद्धत बसवली: आधी कित्येक आठवडे निवांत, लांब धावणं आणि त्यानंतरच वेगाचं काम. पीटर स्नेल हा ८०० मीटरचा धावपटू. दोन मिनिटांहून कमी वेळात संपणारी त्याची शर्यत. त्यालाही लिडियार्ड ऑकलंडजवळच्या डोंगराळ रस्त्यावर २२ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर, पळवायचा. १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्णपदक एकाच दिवशी जिंकलं. मॅरेथॉनचं कांस्य बॅरी मॅगीला मिळालं. तिघंही लिडियार्डचे. पुढे याच माणसाने ऑकलंडमधल्या मध्यमवयीन, काम-धंद्यातल्या लोकांना, अगदी हृदयविकारातून उठलेल्यांनाही, सावकाश पळायला लावलं. त्यांना त्याने दिलेली कसोटी आजही उत्तम आहे: पळताना शेजारच्याशी गप्पा मारता आल्या पाहिजेत.

ही कसोटी आपल्या रनिंग ग्रुपमध्ये क्वचितच पाळली जाते. ज्याचा मॅरेथॉनचा पेस किलोमीटरला साडेसहा मिनिटं, तो मंगळवारची ‘इझी’ रनही पावणेसात मिनिटांच्या वेगाने करतो, कारण सोबतचे पुढे जातात आणि घड्याळातला आकडा संध्याकाळी सगळ्यांना दिसणार असतो. मॅरेथॉनपटू एलिउड किपचोगे ऐन भरात स्पर्धेत किलोमीटर तीन मिनिटांच्या आत कापायचा. केनियातल्या त्याच्या सरावाचे हलके दिवस मात्र त्याहून मिनिटभराहूनही अधिक संथ असायचे. जगातला श्रेष्ठ धावपटू आपल्या स्पर्धेच्या वेगापासून जितका खाली येतो, तितकं खाली यायला हौशी माणूस तयार नसतो. पहाटे खर्ज लावणारा गवैया घटकाभर खालच्या स्वरांतच राहतो, आणि तारसप्तकात आवाज फाटत नाही तो त्या खर्जामुळे. संथ धावण्याला मी त्याच जातीचं काम मानतो. ते करताना मन सतत म्हणतं, एवढ्याने काय होणार? या प्रश्नापाशी टिकून राहणं हाच सरावातला अवघड भाग आहे. चारशे मीटरच्या दहा चकरा मारणं त्यामानाने सोपं.

दुसरा फरक विश्रांतीचा. व्यावसायिक धावपटू सकाळी पळून आला की जेवतो, झोपतो, मसाज घेतो, संध्याकाळी पुन्हा पळतो. शरीर घडतं ते या मधल्या तासांत. आपल्याकडचा माणूस साडेचारला उठून पळतो, आंघोळ करून लोकल पकडतो, रात्री अकराला आडवा होतो. अशा माणसाला आठवड्यातून सहा दिवसांचा प्लॅन देणं मला अन्यायाचं वाटतं. चार दिवस, त्यातला एक लांब, एक वेगाचा आणि बाकी संथ, एवढ्यावर पुष्कळ काही उभं राहतं, मात्र झोप हा पाचवा सराव मानला तर. शिवाय रविवारच्या तीन तासांच्या लाँग रनचे तास घरातल्या कुणाच्या तरी वाट्याचे असतात. पुरुषाला ते बहुधा न मागता मिळतात. बाईने पहाटे बाहेर पडायचं तर डबा, मुलांची शाळा, अंधारा रस्ता, सगळ्याची तजवीज तिलाच करावी लागते. बायकांची संख्या वाढवायची असेल तर रनिंग ग्रुपांनी सुरुवात इथून करावी.

आणि तिसरा फरक शर्यतीच्या वेळेचा. पाच तास रस्त्यावर असणारा माणूस दोन-अडीच तासांत संपवणाऱ्यापेक्षा वेगळ्याच संकटांना तोंड देतो. २००२च्या बोस्टन मॅरेथॉनमधल्या ४८८ धावपटूंची रक्ततपासणी झाली, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम सामान्य मर्यादेच्या खाली गेलेलं आढळलं. शर्यतीत भरपूर पाणी पिऊन वजन वाढलेले आणि चार तासांहून जास्त वेळ घेणारे यांना हा धोका अधिक होता. मुंबईच्या दमट हवेत ‘प्रत्येक स्टेशनवर पाणी प्या’ असा सल्ला सरसकट दिला जातो. संथ धावपटूने तो तसाच घेऊ नये. तहान लागेल तसं प्यावं, आणि किती लागतं हे आधीच्या लांब रनमध्ये पाहून ठेवावं.

पहिली दहा किलोमीटर पळून दोन वर्षं होत नाहीत तोच दक्षिण आफ्रिकेतली कॉम्रेड्स गाठायची घाई मी आजूबाजूला पाहतो. साधारण ९० किलोमीटर आणि बारा तासांची मुदत असलेली ती शर्यत थोर आहे. तिथे जाण्याची इच्छाही मला मनापासून पटते. पण कुणी मला ‘येत्या जानेवारीत फुल करू का?’ असं विचारलं, तर मी आधी गेल्या वर्षभराबद्दल विचारतो. एकही मोठी दुखापत न होता, आठवड्याला चार दिवस, बोलत बोलत पळणं झालं का? झालं असेल तर पुढचे सोळा आठवडे त्यावर नीट बसतात. नसेल तर जानेवारीत हाफ पळावी, सातारच्या यवतेश्वर घाटात एकदा संथ चढून पाहावं आणि फुलचा अर्ज त्यापुढच्या वर्षी भरावा.