घर विकताना काय सांगावे?

आमचे बहादरपुरचे घर विकण्याचे ठरले तेव्हा मी सर्वांत आधी गवंड्याला बोलावले. माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत वरच्या कोपऱ्यातून तिरपी खाली आलेली एक भेग होती. गवंड्याने तिच्यात करणीचे टोक घालून पाहिले आणि विचारले, "भाऊ, घर विकायचे आहे की राहायचे आहे?"

मी म्हणालो, "त्यात फरक काय?"

"राहायचे असेल तर पाया उकरून पाहावा लागेल. विकायचे असेल तर सिमेंट भरतो आणि वरून रंग मारतो. दोन दिवसांचे काम."

त्याने हे मला लाजवण्यासाठी म्हटले नव्हते. त्याच्या धंद्यातला तो रोजचा प्रश्न असावा. सांगायला संकोच वाटतो, पण मी फारसा विचार न करता "विकायचे आहे" असे उत्तर दिले. दोन दिवसांत भिंत नव्यासारखी झाली. त्या रविवारी मी उपासनेत संदेशही दिला. संदेशाचा विषय दुसराच होता, म्हणून मला काही टोचले नाही.

टोचणी लागली ती पुढच्या आठवड्यात. दलाल पहिले गिऱ्हाईक घेऊन आला. पॉवरलूमवर काम करणारा एक तरुण, त्याची बायको आणि चार-पाच वर्षांची मुलगी. मोठी माणसे बोलत असताना मुलगी त्याच भिंतीला पाठ टेकून बसली. तरुणाने भिंतीवर हात फिरवला आणि म्हटले, "भिंत चांगली आहे." तो काही प्रश्न नव्हता. मी गप्प राहिलो.

मी खोटे बोललो काय? तोंडाने तर एक शब्दही खोटा काढला नव्हता. हाच प्रश्न मी वाचकांपुढे ठेवतो. कारण आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांवर ही वेळ येत आहे. मुले इंदूरला, पुण्याला नोकरीला गेली, आईवडील प्रभूकडे गेले, गावचे घर बंद पडले. मग ते विकावे लागते, आणि विकताना काय सांगावे हे आपणांस कोणी शिकवलेले नसते.

प्रथम त्या भेगेविषयी. आमच्या तापीकाठची जमीन काळी. कपाशीला आणि केळीला ती जितकी उदार, तितकीच घराच्या पायाला अवघड. पावसाचे पाणी प्याली की ती फुगते आणि उन्हाने वाळली की आकसते. पाया उथळ असला तर भिंतही तिच्याबरोबर वरखाली होते. म्हणून अशी भेग वैशाखात बोट जाईल इतकी रुंदावते आणि श्रावणात मिटल्यासारखी दिसते. ओलीचे याच्या उलट. पावसाळ्यात भिंत पाझरते आणि उन्हाळ्यात तीच ठणठणीत कोरडी असते. तेव्हा धूर्त विकणारा भेगाळलेले घर पावसाळ्यात दाखवील आणि गळके घर उन्हाळ्यात, आणि दोन्ही वेळा त्याला खोटे बोलावे लागणार नाही. आमच्या बऱ्हाणपुरात 1615 च्या सुमारास बांधलेला कुंडी भंडारा आहे. सातपुड्याकडून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या भुयारातून कुंडीकुंडीने शहराकडे आणलेले आहे. वरून चालणाऱ्यास केवळ कुंड्यांची तोंडे दिसतात, खालचा प्रवाह दिसत नाही. घराचेही असेच असते. पंचवीस पावसाळे त्या छपराखाली काढलेल्याला जे ठाऊक असते ते तासाभरात पाहून जाणाऱ्याला कसे दिसावे?

याचा अर्थ घर विकण्यापूर्वी त्याला हात लावू नये असा नाही. जळमटे काढावीत, मोडकी कडी बदलावी, नळाची गळती थांबवावी, चुना द्यावा. पाहुणा यायचा असला तरी आपण घर आवरतोच. आवरणे कुठे संपते आणि झाकणे कुठे सुरू होते हे ओळखण्यासाठी मी मनाशी एक साधी खूण धरली आहे. हे काम मी गिऱ्हाइकाच्या देखत करू शकलो असतो काय? चुना मी त्याच्यासमोर खुशाल दिला असता. ती भेग मात्र तो उभा असताना मला भरता आली नसती, निदान काही बोलल्याशिवाय नाही.

लेवीयच्या चौदाव्या अध्यायात घराला लागणाऱ्या चट्ट्याचा नियम आहे. शब्बाथशाळेत हा भाग आपण बहुधा गाळतो, मुलांना त्यात काय कळणार म्हणून. पण त्यातला क्रम पाहा. भिंतीवर हिरवट किंवा तांबूस खळगे दिसले की घराचा मालक स्वतः याजकाकडे जातो आणि माझ्या घरात चट्ट्यासारखे काहीतरी दिसते असे सांगतो. याजक आपण होऊन तपासणीला येत नाही. घर सात दिवस बंद राहते, मग दूषित दगड काढतात, भिंत खरवडतात, नवा गिलावा करतात. गिलाव्याला नियमशास्त्राची हरकत नाही; पण तो सांगितल्यानंतरचा आणि दगड काढल्यानंतरचा गिलावा आहे. माझ्या गवंड्याने दगड काढला नव्हता आणि मी कोणाला सांगितले नव्हते.

आता दुसरी बाजूही ऐकली पाहिजे, कारण ती अगदीच पोकळ नाही. ख्रिस्तापूर्वी 44 या वर्षी रोमन विद्वान सिसेरो याने कर्तव्यांविषयी एक ग्रंथ आपल्या मुलासाठी लिहिला. त्याच्या तिसऱ्या भागात नेमका हाच खटला आहे. एक मनुष्य घर विकत आहे. घर रोगट आहे, खोल्यांत साप निघतात, लाकूड किडलेले आहे. पण हे मालकावाचून कोणाला ठाऊक नाही. त्याने ते सांगावे काय? यावर बाबेलचा डायोजिनीस आणि त्याचा शिष्य अँटिपेटर या दोन तत्त्वज्ञांत मतभेद दाखवला आहे. डायोजिनीस म्हणतो, विकणाऱ्याने कोणाला घ्यायची सक्ती केलेली नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत. आणि रोगट घर विकणे आहे अशी दवंडी कोणता शहाणा पिटील? न सांगणे वेगळे आणि लपवणे वेगळे, हा त्याचा मुद्दा. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हा दोष असेल तर जाणूनबुजून चुकीच्या वाटेस लागू देणे हा त्याहून मोठा दोष आहे. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. ज्याला कळणे हिताचे आहे त्याला आपल्या फायद्यासाठी अजाण ठेवणे यालाच तो लपवणे म्हणतो. हे तिघेही ख्रिस्तजन्माआधीचे, मूर्तिपूजकांच्या जगातले. सुवर्ण नियम पाठ असलेल्या आपल्यासारख्यांस डायोजिनीसच अधिक आवडावा याचे मला वाईट वाटते. पण त्या आठवड्यात मला तोच आवडत होता.

आपल्या देशाचा कायदा काय म्हणतो तेही सांगतो, कारण मला ते फार उपयोगी पडले. 1872 च्या करार कायद्याच्या सतराव्या कलमात फसवणुकीची व्याख्या आहे आणि तिला जोडून घोड्याची उदाहरणे दिली आहेत. एक जण लिलावात घोडा विकतो; घोडा सदोष आहे हे त्याला माहीत आहे, तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, ही फसवणूक नाही. पुढचे उदाहरण असे की घेणारी ही विकणाऱ्याची नुकतीच सज्ञान झालेली मुलगी आहे. येथे मात्र घोडा सदोष असेल तर तसे सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. तिसऱ्या उदाहरणात घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हटले नाही तर मी घोडा चांगला आहे असे समजेन. विकणारा गप्प बसतो. हे गप्प बसणे बोलण्यासारखेच आहे.

हे वाचले तेव्हा मला भिंतीवर हात फिरवणारा तो तरुण आठवला. शिवाय त्याच कलमात, ठाऊक असलेली गोष्ट कृतीने झाकणे ही सरळ फसवणूक म्हटली आहे. मी गप्प राहिलो एवढेच माझे म्हणणे होते. पण माझ्या वतीने सिमेंट बोलून गेले होते.

घराच्या बाबतीत तर कायदा घोड्यापेक्षा पुष्कळ कडक आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे 55 वे कलम सांगते की मालमत्तेतला किंवा मालकीहक्कातला जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास माहीत आहे, घेणाऱ्यास माहीत नाही आणि साधारण काळजीने त्याला सापडणारही नाही, तो विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. गंमत अशी की तेच कलम घेणाऱ्यासही बांधते. विकणाऱ्याच्या हक्काविषयी त्याला स्वतःलाच माहीत नसलेली, किंमत वाढवणारी एखादी गोष्ट घेणाऱ्याला माहीत असेल तर त्याने ती सांगावी. म्हातारी विधवा घर विकत आहे आणि आपला किती हक्क आहे हे तिला ठाऊक नाही, अशा वेळी घेणारा ख्रिस्ती भाऊ काय करतो? हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

म्हणजे आपल्या आयुष्यातले सगळेच सांगायचे काय? मला तसे वाटत नाही. आमच्या आईने त्याच माजघरात शेवटचा श्वास घेतला. ते आमचे दुःख आहे, घराचा दोष नव्हे. शेजाऱ्याशी वडिलांचे एकदा भांडण झाले आणि मिटले, तेही सांगण्याचे कारण नाही. पण सामाईक भिंतीचा वाद अजून मिटला नसेल, घरपट्टी थकली असेल, घर कोठे गहाण असेल, तर ते सांगितलेच पाहिजे. आणि घेणाऱ्याने सरळ विचारले, मग तो प्रश्न आपणांस अंधश्रद्धेचा वाटो, तर खरे तेच सांगावे. नको असेल तर तो घेणार नाही.

मालकीहक्काचा दोष हा भेगेहून अवघड, कारण तो आपल्याच माणसांपासून लपवलेला असतो. 1925 च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करता वारला तर विधवेला एक तृतीयांश आणि उरलेले मुलांना सारखे मिळते. मुलगा आणि मुलगी असा भेद नाही. आमची आईही मागाहून गेली, तेव्हा घरात आम्हा दोघा भावांइतकाच ताईचा वाटा. दादा म्हणाला, "तिच्या लग्नात वडिलांनी केलेच ना? भुसावळहून बोलावू आणि हक्क सोडल्याची सही घेऊ. ती नाही म्हणणार नाही." ती खरोखरच नाही म्हणाली नसती. पण कशावर सही करते हे तिला कोण सांगणार होते? 2020 पासून स्वामित्व योजनेत आबादीतल्या घरांना कागद मिळू लागले आहेत, ही चांगली गोष्ट आहे. पण कागदावर एका भावाचे नाव चढले म्हणून बहिणीचा वाटा पुसला जात नाही. मी ताईला फोन करून आकडा सांगितला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटले होते तुम्ही दोघे परस्पर करून टाकाल."

किमतीविषयी थोडक्यात. कागदावर एक रक्कम आणि हातात दुसरी, ही चाल इतकी रुळली आहे की दलाल ती विचारल्याशिवायच सुचवतो. हनन्या आणि सप्पीरा यांची गोष्ट आपण दानाविषयी शिकवतो. पण पेत्र त्याला स्पष्ट म्हणतो की जमीन तुझी होती आणि पैसेही तुझ्याच हाती होते. सप्पीरेला त्याने विचारलेला प्रश्न होता तो विक्रीच्या रकमेचा.

दोष सांगितला तर घर विकलेच जाणार नाही, ही खरी भीती. माझीही होती. यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातला व्यवहार मला या दृष्टीने मोठा वाटतो. यरुशलेमेला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला आहे. अशा वेळी हानामेल आपल्या चुलतभावास, म्हणजे यिर्मयास, अनाथोथचे शेत देऊ करतो, आणि ते शेत वेढ्याच्या पलीकडे, शत्रूच्या हाती गेल्यासारखेच आहे. याहून वाईट दोष कोणत्या मालमत्तेला असणार? परंतु दोघांनाही तो ठाऊक आहे. सतरा शेकेल रुपे तोलून दिले जाते, साक्षीदार सह्या करतात, एक खत मोहोरबंद आणि एक उघडे, दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवली जातात. व्यवहार झाला.

आमचाही झाला, पण स्वस्तात. मी त्या तरुणाला परत बोलावले आणि गवंड्याला सांगून भरलेले सिमेंट त्याच्यासमोर फोडून दाखवले. त्याने भेगेत बोट घातले, बायकोकडे पाहिले आणि निघून गेला. दोन आठवडे काही निरोप नाही. दादा मला म्हणाला, "संदेश मंडळीत द्यायचा असतो, घरात नाही." पैशांची गरज त्याला माझ्यापेक्षा अधिक होती, मुलीच्या फीसाठी, त्यामुळे त्याचा राग मला समजतो. मग तो तरुण स्वतःचा गवंडी घेऊन आला. पाया एका कोपऱ्यात उकरला. दुरुस्तीचा खर्च काढून त्याने साठ हजार कमी सांगितले आणि आम्ही मान्य केले. दादाच्या वाट्याचे वीस हजार मी देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत, आणि अजून तो माझ्याशी पूर्वीसारखा बोलत नाही.

रजिस्ट्रीच्या दिवशी ताई आली होती. सह्या झाल्यावर मी किल्ली दिली. तरुणाने ती खिशात ठेवली आणि विचारले, "भाऊ, ओल कोणत्या भिंतीला येते?" मी त्याला परसाकडची भिंत सांगितली, आणि छपराचा जो पत्रा वाऱ्याने उचलतो तोही.