झील धरणाऱ्यांची साक्ष

ब्रिटनमधल्या फोक क्लबात वर्षानुवर्षे गायलेल्या बहुतेक माणसांमागे कागदोपत्री फारसे काही उरत नाही. तबकडी निघालेली नसते, वर्तमानपत्रात नाव छापून आलेले नसते, मानधनाची नोंद कुणी ठेवलेली नसते. आई किंवा वडील गेल्यावर मुले कपाट आवरायला घेतात तेव्हा एक गिटार, गाण्यांची वही आणि धड नावगाव न लिहिलेल्या काही कॅसेटी हाती लागतात. बाकीचे सगळे इतरांच्या स्मरणात असते, आणि हे इतर आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेलेले आहेत. त्यांच्याकडून आठवणी गोळा करायच्या तर आधी त्या गायनाचे स्वरूप समजून घ्यावे लागते, कारण तिथले गाणे एकट्या गाणाऱ्याचे नव्हतेच.

या क्लबांचे मूळ बरेचसे स्किफल या संगीतप्रकाराच्या लाटेत आहे. लॉनी डोनेगनचे ‘रॉक आयलंड लाइन’ 1956च्या सुरुवातीला गाजले आणि चार सूर येणारी गिटार व कपडे धुण्याची फळी एवढ्या सामग्रीवरही गाता येते, हे असंख्य तरुणांना कळले. लाट दोन-तीन वर्षांत ओसरली. गिटारी हातात राहिल्या. ब्रॅडफर्डचा टॉपिक फोक क्लब 1956चा. न्यूकॅसलमध्ये लुई किलन आणि जॉनी हँडल यांनी 1958च्या सुमारास क्लब काढला. हलमध्ये वॉटरसन भावंडांनी, बर्मिंगहॅममध्ये इअन कॅम्बेल यांच्या गटाने आपापले क्लब उभे केले. लंडनमध्ये यूअन मॅकॉल आणि पेगी सीगर यांचा सिंगर्स क्लब 1961मध्ये सुरू झाला. प्रत्येकाने आपल्या भाषेतली, आपल्या मुलखातली गाणी गावीत, हा मॅकॉल यांचा आग्रह होता. तो सर्वांना पटला असे नाही. सोहोतल्या एका तळघरात 1965पासून चालणाऱ्या ‘ले कुझँ’मध्ये बर्ट जान्श, जॉन रेनबोर्न यांच्यासारखे गिटारवादक त्या चौकटीबाहेरचे संगीत रात्र रात्र वाजवत. पण या वादामुळे एखाद्या फिटरने किंवा शाळामास्तराने कोणते गाणे निवडले यालाही अर्थ आला. गाण्याची निवड ही त्या माणसाची भूमिका होती, आणि आठवणी गोळा करणाऱ्याने ती तशीच वाचायला हवी.

क्लबची संध्याकाळ ठरलेल्या क्रमाने जाई. पबच्या माडीवरची खोली, दाराशी एक टेबल, त्यावर पैशांचा डबा आणि सोडतीची तिकिटे. ध्वनिक्षेपक बहुधा नसेच. क्लबचे स्वतःचे गायक, ज्यांना ‘रेसिडेंट’ म्हणत, ते सुरुवात करत. मग श्रोत्यांतूनच एकेक जण उठून एक-दोन गाणी म्हणे; हे ‘फ्लोअर सिंगर’. त्यानंतर मानधन देऊन बोलावलेला पाहुणा. मध्यंतर, सोडत आणि पुन्हा तोच क्रम. गाणारा डोळे मिटून, एक तळवा कानाशी धरून, कसल्याही साथीशिवाय पहिले कडवे उचले आणि पालुपदाला सारी खोली झील धरी; कुणी वरच्या सुरात, कुणी खालच्या, ज्याला जसे जमेल तसे. टॉपिक या तबकड्यांच्या कंपनीने 1962मध्ये बर्मिंगहॅमच्या क्राउन पबमध्ये इअन कॅम्बेल गटाचे ‘केली ॲट द क्राउन’ हे ध्वनिमुद्रण केले. ते ऐकताना खोलीचा आवाज बाजूला काढून गटाचा आवाज वेगळा ऐकू म्हटले तर साधत नाही. श्रोते त्या गाण्याचा भागच आहेत.

ही रीत लक्षात घेतली की आई-वडिलांची आठवण कुठे साठवलेली असते हे कळते. ती झील धरणाऱ्यांपाशी असते. क्लबात आणखी एक अलिखित शिष्टाचार होता: एखादे गाणे एखाद्याचे मानले जाई आणि तो माणूस खोलीत असताना दुसऱ्याने ते म्हणणे बरे दिसत नसे. त्यामुळे चेहरा, आडनाव, नोकरी विसरलेल्या माणसालाही ‘ते गाणे म्हणणारा’ आठवतो. मुले मात्र बहुधा ‘बाबा कसे होते?’ असेच विचारतात. उत्तर येते: भला माणूस, आवाज गोड, नव्यांना सांभाळून घेणारा. हे खोटे नसते, पण कुणाच्याही शोकसभेत ते चालून जाईल. तेच ‘बाबा कोणते गाणे म्हणत, त्यांना ते कुणाकडून मिळाले आणि आता ते कोण म्हणते?’ असे विचारले की साक्षीदार जागा होतो. त्याला ते म्हणून दाखवायला सांगावे. दुसऱ्या कडव्यापर्यंत पोचता पोचता तो स्वतःच थांबून सांगू लागतो की इथे ते नेहमी श्वास घेत, हे कडवे गाळत, आणि एका हिवाळ्यात आवाज बसलेला असतानाही त्यांनी हेच गायले होते. माणूस विशेषणांतून सापडत नाही, या तपशिलांतून सापडतो.

गाण्यांची वही हा यातला सर्वांत बोलका कागद. तिच्यात शब्दांबरोबर पट्टी, कॅपो कितव्या घरात लावायचा याचा आकडा, कधी गिटारच्या तारा वेगळ्या लावल्याची खूण असते. गिटारवादक डेव्ही ग्रेअम यांनी रूढ केलेली डी-ए-डी-जी-ए-डी ही लावणी एखाद्या वहीत दिसली, तर साठच्या दशकात लंडनहून कोणते वारे कुठवर पोचले होते ते कळते. वहीतले शब्द छापील संग्रहांशी ताडून पाहावेत. राल्फ व्हॉन विल्यम्स आणि ए. एल. लॉइड यांनी संपादित केलेले ‘द पेंग्विन बुक ऑफ इंग्लिश फोक साँग्ज’ 1959मध्ये निघाले. त्यात 70 गाणी आहेत, आणि खिशात मावणारे हे पुस्तक क्लबांतल्या कित्येक गायकांची शिदोरी होते. वहीतले गाणे त्याच्याशी शब्दशः जुळले तर ते पुस्तकातून आले. जुळता जुळता एका ओळीत फरक पडला, तर तिथे एकतर दुसरा गायक उभा आहे किंवा खुद्द आई-वडील. लंडनच्या सेसिल शार्प हाउसमधल्या व्हॉन विल्यम्स स्मृती ग्रंथालयातून पाहता येणारी स्टीव्ह रौड यांची गीतसूची इथे उपयोगी पडते. एकाच गाण्याचे सगळे पाठ तिच्यात एका क्रमांकाखाली येतात. ‘बार्बरा ॲलन’चा क्रमांक 54. आपल्या घरच्या वहीतला पाठ नॉरफोकचा की स्कॉटलंडचा, हा शोध तिथून सुरू होतो. खोडलेल्या ओळी तर पुसूच नयेत. त्या ओळींत गाणारा शब्दांशी झगडताना दिसतो.

कॅसेटींचे काम अधिक नाजूक आहे. फिलिप्सने 1963मध्ये कॅसेट आणली आणि सत्तरच्या दशकात ती क्लबच्या टेबलांवर दिसू लागली. पण नव्वद मिनिटांच्या कॅसेटीच्या एका बाजूला पंचेचाळीस मिनिटेच मावतात आणि संध्याकाळ अडीच-तीन तासांची. टेप वाचवायची तर ती पाहुण्यासाठी वाचवली जाई. म्हणून वेष्टनावर पाहुण्याचे नाव आणि तारीख असते, स्थानिक गायकाचे नाव नसते. तो सापडतो तो कडेला: पाहुण्याचे गाणे सुरू होण्याआधीची दोन मिनिटे, मध्यंतरानंतर चुकून चालू राहिलेले यंत्र, किंवा पालुपदातला ओळखीचा आवाज. हलक्या यंत्रावर टेपची गती बरोबर नसे, त्यामुळे आज ऐकू येणारा आवाज मूळचा असेलच असे नाही. त्यावर एक उपाय आहे. ब्रिटनची वीज 50 हर्ट्झची. जुन्या मुद्रणात त्या विजेची बारीक गुणगुण बहुधा उतरलेली असते. ती आज 53 हर्ट्झवर दिसली, तर आवाज जवळजवळ अर्धा सूर चढा ऐकू येतो आहे आणि तेवढा उतरवायला हवा. वडिलांचा आवाज आपल्या आठवणीपेक्षा पातळ वाटून खिन्न झालेल्या मुलाला ही दुरुस्ती फार मोठे काही परत देते. एवढ्यासाठी तरी कॅसेट जाणत्या माणसाकडे न्यावी.

विखुरलेल्या मुद्रणांतून गायक पुन्हा उभा करता येतो याचे सर्वांत ठळक उदाहरण निक जोन्स यांचे. 1980मध्ये ‘पेंग्विन एग्ज’ ही त्यांची तबकडी आली. फेब्रुवारी 1982मध्ये क्लबातला कार्यक्रम आटोपून घरी परतताना त्यांना मोटारीचा भीषण अपघात झाला. ते वाचले, पण पूर्वीसारखे वाजवणे संपले. सुरुवातीच्या तबकड्या बाजारात मिळेनाशा झाल्या होत्या. त्यांची पत्नी जूलिया यांनी क्लबांतल्या चाहत्यांकडची मुद्रणे मिळवली आणि 1998मध्ये ‘इन सर्च ऑफ निक जोन्स’ काढले; पुढेही असे संग्रह निघाले. मागच्या रांगेत मांडीवर यंत्र घेऊन बसलेल्या अनोळखी लोकांमुळे हे शक्य झाले. 2010नंतर जोन्स पुन्हा व्यासपीठावर आले तेव्हा ते गायले आणि साथीला गिटार त्यांचा मुलगा जोसेफ याने वाजवली. वडिलांची बोटे काय करीत होती हे मुलाने त्या मुद्रणांतून अभ्यासता यावे, यापेक्षा चांगला वारसा कुठला असेल?

वॉटरसन कुटुंबाचे उदाहरण वेगळे आहे. या भावंडांच्या हलमधल्या घराचे आणि क्लबचे चित्रण ‘ट्रॅव्हलिंग फॉर अ लिव्हिंग’ या 1966च्या माहितीपटात आहे. सततच्या दौऱ्यांनी दमून 1968मध्ये त्यांनी गाणे थांबवले. लाल वॉटरसन यांनी भाऊ माइक यांच्यासह 1972मध्ये ‘ब्राइट फीबस’ केले. त्याच्या बऱ्याच प्रती सदोष निघाल्या आणि ते कित्येक वर्षे हौशी लोकांच्या नकलांवर जगले. लाल 1998मध्ये गेल्या. त्यांच्या हयातीतच मुलगा ऑलिव्हर याने त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केले होते. मुलगी मॅरी हिने पुढे आईची कच्ची मुद्रणे, शब्द आणि चित्रे एकत्र करून पुस्तक केले. आई केवळ मंचावरची गायिका नव्हती, ती स्वयंपाकघरात कागदावर रेघोट्या ओढणारी बाईही होती, हे क्लबातले लोक सांगू शकले नसते. तेवढा भाग मुलांनाच सांगावा लागतो.

गोळा केलेल्या आठवणी एकमेकींशी जुळत नाहीत, तेव्हा त्या जुळवून घेण्याचा मोह होतो. तो टाळावा. इटालियन मौखिक इतिहासकार अलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी तेर्नी गावातला लुइजी त्रास्तुल्ली हा कामगार 1949मध्ये पोलिसांच्या गोळीने कसा मेला, हे लोकांना विचारले. अनेकांनी तो प्रसंग 1953च्या कामगारकपातीच्या वेळचा म्हणून सांगितला. या चुकीतून गावाला तो मृत्यू कशाशी जोडायचा होता ते पोर्तेल्ली यांनी दाखवले. क्लबातही तसेच घडते. आईने एखादे गाणे खाणकामगारांच्या संपाच्या रात्री गायले असे पाच जण सांगतात आणि कॅसेटीवरची तारीख दुसरीच निघते. तारीख नोंदवावी आणि पाचही साक्षी तशाच ठेवाव्यात. गायकांनी स्वतःभोवती रचलेल्या कथांनाही हेच लागू आहे. यूअन मॅकॉल यांचे मूळ नाव जेम्स मिलर आणि जन्म 1915चा सॅल्फर्डचा, पण त्यांचा जन्म स्कॉटलंडमधल्या ऑक्टरार्डरचा असे बराच काळ छापले जात असे. त्यांचे आईवडील स्कॉटिश होते, गाणी त्या घरातून आली होती. जन्मगाव खोटे असले तरी त्यामागची ओढ खरी होती.

दुखऱ्या जागाही येतात. क्लब संध्याकाळचा, आणि घरातली मुलेही संध्याकाळीच आई-वडिलांची वाट पाहत. ज्या खोलीत परके लोक वडिलांबरोबर गात होते तिथे आपण नव्हतो, हे मुलाला पन्नाशीतही सलते. आईच्या बाबतीत प्रश्न वेगळा असतो: ती गायची थांबली कधी, आणि कुणासाठी? गायिका ॲन ब्रिग्ज यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी गाणे सोडले. 1973मधले एक पूर्ण ध्वनिमुद्रण स्वतःचा आवाज न आवडल्याने त्यांनी बाहेर येऊ दिले नाही. ते दोन दशकांनंतर प्रसिद्ध झाले. आई-वडिलांनी जे हेतुपूर्वक मागे ठेवले, ते उघड करण्याआधी मुलांनी थांबून विचार करावा.

शेवटचा भाग जतनाचा. परंपरागत गाण्यावर कुणाचा हक्क नसला, तरी सादरीकरणावर गाणाऱ्याचा आणि मुद्रणावर मुद्रण करणाऱ्याचा हक्क असू शकतो. म्हणून प्रती वाटण्याआधी, ज्यांचे आवाज कॅसेटीवर आहेत त्यांची, ते नसल्यास वारसांची, लेखी संमती घेणे इष्ट. मूळ कॅसेट फेकू नये. तिची संगणकावरची प्रत दोन-तीन ठिकाणी ठेवावी आणि गती दुरुस्त केली असेल तर न दुरुस्त केलेली प्रतही सोबत असावी. स्थानिक अभिलेखागाराकडे ऐवज देताना क्लबचे नाव, पब, गाव, आठवड्याचा वार, पाहुणा, ओळख पटलेले सर्व स्थानिक गायक, प्रत्येक गाण्याची पहिली ओळ, आणि ओळख कुणी पटवली त्याचे नाव लिहून द्यावे. ज्या आवाजांची ओळख पटली नाही त्यांच्यापुढे जागा मोकळी सोडावी, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मुलाला तिथे आपल्या आईचे किंवा वडिलांचे नाव लिहिता येईल.