वाढत्या ऑर्डरी आणि तेच दोन हात

दसरा उलटला की घरगुती फराळ करणाऱ्या बायकांचे फोन थांबत नाहीत. गेल्या दिवाळीत कुणीतरी चकली नेलेली असते, तिचं कौतुक सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर होतं, मग एखादी कंपनी कर्मचाऱ्यांसाठी डबे मागते, आणि चाळीस किलोंच्या वहीत दोनशे किलो लिहिले जातात. वर्षानुवर्षं राबणाऱ्या बाईला हे यश मिळालं याचा आनंदच वाटायला हवा. पण खरी परीक्षाही त्याच आठवड्यात असते, आणि ती तिला एकटीलाच द्यावी लागते.

अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावं लागतं, गूळ घालून मळलेलं पीठ पुढे मुरावं लागतं. ऑर्डरी पाचपट झाल्या म्हणून ते लवकर मुरत नाही. भाजणी मंद आचेवरच भाजावी लागते. मग वाट सुचते ती अशी: भाजणी बाजारातून तयार आणायची, कढईतलं तेल आणखी दोन घाणे चालवायचं, करंज्या दुसऱ्याकडून घेऊन आपल्या डब्यात भरायच्या. डब्यावर ‘घरगुती’ हा शब्द मात्र तसाच राहतो. माझ्या मते हे सरळसरळ खोटं आहे, आणि घाईत केलं म्हणून त्याचं खोटेपण कमी होत नाही.

वाढ कशी पेलावी याचं एक उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढे त्याचं ‘लिज्जत’ झालं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला महत्त्वाचे वाटतात ते सुरुवातीचे दिवस. पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात, तेव्हा त्यांनी चार महिने काम बंद ठेवलं. ओलसर पापड विकले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात खाट आणि स्टोव्ह आणला, खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, आणि काम चालू राहिलं. सुरुवातीला त्या दोन प्रतींचे पापड करत, एक चांगला आणि एक स्वस्तातला. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा पारेख यांनी सांगितलं की एकच करा, चांगलाच करा, आणि हिशेब चोख ठेवा.

तीन वर्षांत या बायका तीनशेच्या वर गेल्या. इतक्यांना बसायला जागा कुठली? मग मळलेलं पीठ प्रत्येकीने घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड परत आणायचे, वजन करून लाटणावळ घ्यायची, असा रिवाज पडला. पीठ मात्र एकाच ठिकाणी मळलं जाई, म्हणून लाटणारे हात शेकडो झाले तरी चव बदलली नाही. सगळ्यांत मोठी गोष्ट अशी की नवी येणारी प्रत्येक बाई मजूर म्हणून नाही, बहीण म्हणून, मालकीण म्हणून आली. गिऱ्हाईक वाढलं तसे नफ्यातले वाटेकरीही वाढले.

प्रत्येक फराळवालीने सहकारी संस्था काढावी असं मी म्हणत नाही. पण दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रात्री एक वाजता झारा धरून उभी असलेली मदतनीस आठवा. चकलीचा भाव किलोमागे वाढला, तिची मजुरी वाढली का? तिच्या घरी तिची स्वतःची करंजी झाली का? व्यवसाय वाढताना तो कुणाच्या झोपेवर वाढतोय, हे पाहणं मला हिशेबाच्या वहीइतकंच गरजेचं वाटतं.

दुसरा प्रश्न जुन्या गिऱ्हाइकाचा. कोपऱ्यावरच्या आजी दरवर्षी अर्धा किलो चकली नेतात. त्या नेत होत्या म्हणून पहिल्या वर्षी तेलाचे पैसे निघाले. आज पन्नास किलोंची ऑर्डर समोर आली की त्यांचा अर्धा किलो यादीच्या तळाला जातो, आणि कुणी तसं ठरवलेलंही नसतं. ठरवायचं असेल तर उलट ठरवावं: आधी जुनी माणसं, मग उरेल तेवढ्याच नव्या ऑर्डरी.

उरेल तेवढ्या म्हणजे किती, हा आकडा दसऱ्याआधीच वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. कढया किती, हात किती, दिवस किती, त्यातून तो निघतो. त्यापुढे आलेल्या माणसाला “यंदा जमणार नाही” असं लगेच सांगावं, आणि शेजारच्या गल्लीत चांगला फराळ करणारी कुणी असेल तर तिचा नंबर द्यावा. ॲडव्हान्स घेऊन झाल्यावर अंदाज चुकल्याचं कळलं तर वसुबारसेपर्यंत थांबू नये. फोन करावा, पैसे परत करावेत, म्हणजे त्या घराला दुसरीकडे सोय करायला चार दिवस मिळतात.

आणि आपण, फराळ विकत घेणारे? आपली ऑर्डर दिवाळीच्या तोंडावर आणि हवी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी. तिने नाही म्हटलं की आपण रागावतो, कधी ग्रुपवर चार वाकडे शब्दही लिहितो. यंदा ऑर्डर दसऱ्याआधी द्यावी, ॲडव्हान्स न मागता द्यावा, आणि तिने नाही म्हटलं तर तिने दिलेल्या दुसऱ्या बाईच्या नंबरवर फोन लावावा.