तालपुट नटाचे अश्रू

 



गेल्या महिन्यात रविवारची वंदना झाली, खीरदान झाले, लोक आपापल्या गाड्यांकडे निघाले. आपल्यातला एक गायक भाऊ हार्मोनियम आवरता आवरता माझ्याजवळ येऊन बसला. आठवड्याचे पाच दिवस तो लंडनबाहेर वेअरहाऊसमध्ये राबतो आणि उरलेल्या वेळात भीमगीते गातो. म्हणाला, "दादा, तो व्हिडिओ काढून टाकू का?"

व्हिडिओ आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. डीजेचा ठेका, तीस-चाळीस सेकंद, आणि दुसऱ्या समाजाला उद्देशून एक शिवराळ ओळ. दोन लाखांवर लोकांनी तो बघितला. याच भावाने आधी वर्षभर मन लावून बसवलेली, चारही कडवी पूर्ण असलेली गाणी चार-पाचशेच्या पुढे गेली नव्हती. तेव्हा त्याने पुढचा व्हिडिओ आणखी जहाल केला. त्याच्या पुढचा त्याहून जहाल. मग एके दिवशी त्याच्या नऊ वर्षांच्या लेकीने बालसंस्कार वर्गात तीच ओळ टाळ्या वाजवत म्हटली. सांगायला लाज वाटते, पण तो व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्यांत मीही होतो.

मला संयुत्त निकायातला तालपुट आठवला. तो नटांचा नायक होता. राजगृहाच्या वेळुवनात येऊन त्याने तथागतांना विचारले, "रंगमंचावर खऱ्या-खोट्याने लोकांना हसवणारा नट मेल्यावर हसऱ्या देवांमध्ये जन्म घेतो, असे आमचे जुने आचार्य सांगतात. आपले काय म्हणणे?" तथागत म्हणाले, "राहू दे, हे मला विचारू नकोस." त्याने तीनदा विचारले, तेव्हा उत्तर मिळाले. लोक आधीच राग, द्वेष आणि मोहाने बांधलेले असतात. नट त्यांच्यापुढे तेच वाढवणाऱ्या गोष्टी ठेवतो. स्वतः प्रमादात बुडतो आणि त्यांनाही बुडवतो. (पालीतला राग म्हणजे आसक्ती, मराठीतला संताप तिथे द्वेषात येतो.)

पुढे तिथे नरकाचा उल्लेख येतो. त्यात अडकू नका. जे बुद्धिसंगत नाही आणि माणसाच्या हिताचे नाही ते बुद्धाचे मानू नये, अशी कसोटी बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात दिलीच आहे. त्या कसोटीवर घासले तरी या सुत्ताचा गाभा टिकतो, कारण तो नरक आपण मोबाईलवर रोज पाहतो. तालपुट रडला. तथागत कठोर बोलले म्हणून नव्हे, तर आचार्यांनी इतकी वर्षे फसवले म्हणून. आपले आजचे आचार्य कोण? "चाललंय ते कर, लोकांना हेच आवडतं" असे रोज आकड्यांतून सांगणारे यंत्र.

यावरून तथागतांना संगीताचे वावडे होते असे कुणी समजू नये. गायन-वादनापासून दूर राहणे हे अष्टशीलातले, उपोसथाच्या दिवसाचे शील. दीघ निकायात पंचशिख वीणा वाजवून गातो. गाणे तसे प्रेमाचे, तरी त्यात बुद्ध, धम्म आणि अर्हत येतात. तथागत त्याला दाद देतात की तुझ्या तारांचा स्वर गाण्याशी जुळतो, एक दुसऱ्याला झाकत नाही. माझ्या मते एवढी नेमकी दाद आजकालचे परीक्षकही देत नाहीत.

आणि ट्रेंड म्हणाल, तर आपल्या जलसाकारांनी तो कधी सोडला? तमाशाचा साचा लोकांच्या अंगवळणी पडलेला होता, तो त्यांनी घेतला. पुढे गाजलेल्या सिनेमाच्या चालींवर भीमगीते बांधली गेली, कव्वालीचे मुकाबले रंगले. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) गावोगाव फिरले ते लोकांना कळेल अशाच चालीत गात. चाल बाजाराची असेल, पण आत शिक्षण होते, स्वाभिमान होता, चळवळ होती. ऐकणारा घरी जाताना ताठ मानेने जायचा. म्हणून मी त्या भावाला ठेका बदल असे म्हटले नाही. एवढेच विचारले, "ते गाणे ऐकून उठलेला माणूस कसा होऊन उठतो? आणि गाऊन उठलेला तू?"

तो बराच वेळ गप्प होता. मग पोटाचा प्रश्न निघाला, आणि तो खरा आहे. स्पॉटिफायवर तीस सेकंद ऐकले तरच गाणे मोजले जाते. २०२४ पासून बारा महिन्यांत हजारदा न वाजलेल्या गाण्याला तिथे एक पैसाही मिळत नाही. त्या व्हिडिओंमुळे मात्र त्याला जयंतीच्या दोन कार्यक्रमांची बोलावणी आली होती. पण जून २०२० मध्ये भारतात टिकटॉक बंद झाले, तेव्हा गावाकडच्या किती कलाकारांचे लाखो चाहते एका रात्रीत गेले, हेही त्याला ठाऊक होते. लाभ-अलाभ, यश-अपयश हे लोकधर्म. येतात तसे जातात. उपाशी माणसाला नुसते हे ऐकवणे सोपे आहे, म्हणून सांगतो: आपल्या गायकाला आपण शाल आणि नारळ देतो, मानधन देताना मात्र हात आखडतो. ही आपली चूक आहे, त्याची नव्हे.

तालपुट पुढे भिक्खू झाले, अर्हत झाले. थेरगाथेत त्यांच्या पन्नासहून अधिक गाथा आहेत, आणि त्यांत ते स्वतःच्या चित्तालाच खडसावतात. एके काळी हजारोंना हसवणाऱ्या माणसाचा तो शेवटचा श्रोता.

भावाने तिन्ही व्हिडिओ काढले. दोनपैकी एक कार्यक्रम रद्द झाला. दुसरीकडे संपूर्ण गाणे चालेल का, असे त्याने विचारले आहे, उत्तर अजून आलेले नाही. तोवर दर रविवारी वंदनेनंतर तीन वाजता तो मुलांना हार्मोनियम शिकवणार आहे. मुलांना घेऊन या. मानधनाची पेटी दाराजवळच आहे.

जयभीम.