जमीन परमेश्वराची, घर लेकरांचें



लेवीय पुस्तकाच्या 25 व्या अध्यायांत परमेश्वरानें इस्राएल लोकांस जमिनीविषयीं एक नियम घालून दिला. जमीन त्याची आहे, मनुष्य तिच्यावर पाहुणा आहे. म्हणून ती कोणीं कायमची विकूं नये, असा त्याचा भावार्थ. हा नियम जुन्या काळाचा असें पुष्कळांस वाटतें. परंतु आपल्या काळांतही कित्येकांनीं तसा प्रयत्न केला आहे, आणि त्याचें एक मूळ आपल्याच देशांत आहे.

18 एप्रिल 1951 रोजीं विनोबा भावे तेलंगणांतील पोचमपल्ली गांवीं असतां भूमिहीन दलित कुटुंबांनीं 80 एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डी ह्यांनीं 100 एकर देऊं केली, आणि भूदान सुरू झालें. पण एकट्या कुटुंबास मिळालेली जमीन कर्जापायीं पुन्हां हातची जाण्याचें भय असतें. पुढें ग्रामदान निघालें. त्यांत जमिनीची मालकी गांवाची, व कसणाऱ्यास तिचा उपयोग.

ह्यापासून स्फूर्ति घेऊन राल्फ बोरसोडी व रॉबर्ट स्वॉन ह्यांनीं ही कल्पना अमेरिकेंत मांडिली. जॉर्जिया प्रांतांत कृष्णवर्णीय कुळांनीं मताचा हक्क मागितला म्हणून कित्येकांस घरांतून काढून देण्यांत आलें होतें. त्यांच्याकरितां चार्ल्स शेरॉड व त्यांचे सोबती ह्यांनीं स्वॉन ह्यांच्या साह्यानें 1969 सालीं ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापून सुमारें 5,700 एकर जमीन घेतली. अवर्षण पडलें, सरकारी कर्ज वेळेवर मिळालें नाहीं, आणि 1985 सालीं ती जमीन गेली. तरी त्यांनीं धीर सोडिला नाहीं. 2009 सालीं नुकसानभरपाई मंजूर झाली, आणि 2011 सालीं त्यांनीं सुमारें 1,600 एकर पुन्हां घेतली.

अशा संस्थेस सामाजिक भूमि-न्यास म्हणतात. लोकांच्या दानांतून न्यास जमीन घेतो व ती विक्रीबाहेर ठेवितो. कुटुंब केवळ घर विकत घेतें. जमीन त्यास बहुधा 99 वर्षांच्या पट्ट्यानें मिळते. म्हणून घर गरिबाच्या आवांक्यांत येतें. पुढें तें विकावयाचें झालें तर कुटुंबास आपली रक्कम व वाढलेल्या किमतीचा ठरलेला भाग मिळतो. बाकीचा लाभ घराबरोबर राहतो, आणि दुसऱ्या गरीब कुटुंबास तें स्वस्तांत मिळतें. तहानेल्यास घागरभर पाणी देणें चांगलें. पण विहीर खणून ती गांवाच्या नांवें करणें हें त्याहून टिकाऊ दान होय.

आतां आपणांकडे पाहूं. पुष्कळ मंडळ्यांच्या जागा मिशनच्या काळापासूनच्या आहेत. शहर जवळ आलें कीं बांधकामवाले मोठी रक्कम दाखवितात. ती रक्कम खर्चून जाते, जागा परत येत नाहीं. आणि तीस वर्षें सेवा केलेला उपदेशक निवृत्त होतो तेव्हां त्यास डोकें टेकावयास छप्पर नसतें! कोणी म्हणेल, बर्णबानें आपलें शेत विकलें नाहीं काय? होय, विकलें, पण तें त्याचें स्वतःचें होतें, आणि पैसा त्यानें गरिबांकरितां प्रेषितांच्या चरणीं ठेविला. आपल्या हातीं असलेल्या जागा पूर्वीच्या दात्यांच्या व पुढच्या लेकरांच्या आहेत. नाबोथानें वाडवडिलांचें वतन राजासही दिलें नाहीं, हें विसरूं नये.

म्हणून प्रत्येक मंडळीनें आपल्या जागेचे कागद पाहावे, आणि पंचांस विचारावें कीं ह्या जागेवर कोणत्या बेघर कुटुंबास घर बांधितां येईल. जेथें जागा नाहीं तेथें मूठभर धान्याच्या दानांतून निराळा जमीननिधि काढावा. मूठ लहान असली तरी विधवेच्या दोन दमड्या प्रभूनें मोजिल्या होत्या. ज्याला स्वतः डोकें टेकावयास ठिकाण नव्हतें, तो आपणांस बेघरांची आठवण देवो. आमेन.