कोएनच्या चित्राखाली काय लिहावं?

नेदरलँड्समधल्या होर्न गावी, वेस्टफ्रीस संग्रहालयात यान पीटरसून कोएन याचं तैलचित्र आहे. याकोब वाबेननं ते रंगवलं असावं, असं मानतात. गळ्याभोवती चुण्यांची पांढरी कॉलर, राखलेली दाढी, चेहऱ्यावर हिशेब चोख असल्याचं समाधान.

कोएन होर्नचाच. रोममध्ये जमाखर्च शिकला, डच ईस्ट इंडिया कंपनीत शिरला आणि तिशीतच तिचा गव्हर्नर-जनरल झाला. लढाईवाचून व्यापार चालत नाही, हे त्यानं १६१४ मध्येच मालकांना कळवलं होतं. १६२१ मध्ये त्यानं आजच्या इंडोनेशियातली बांदा बेटं जिंकली. तेव्हा जगातलं जायफळ तिथंच पिकायचं. बेटांवर सुमारे १५,००० माणसं होती, असा अंदाज आहे. त्यांतली जेमतेम हजारभर उरली. बाकीची मारली गेली, उपासमारीनं गेली, गुलाम झाली किंवा परागंदा झाली. ४४ म्होरक्यांची मुंडकी उडवली. मोकळ्या झालेल्या बागा मग गुलामांकडून राबवून घेतल्या.

हे सगळं आपल्यापासून फार दूरचं वाटेल. पण जायफळ आपल्याही घरात आहे. बाळगुटीत त्याचे दोन वेढे देतातच. आणि याच कंपनीची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यात होती, तिचे अवशेष आजही दिसतात.

ॲम्स्टरडॅममधल्या संचालकांना बांदाची हकीकत कळली, तेव्हा त्यांनी सौम्य शब्दांत नापसंती कळवली. बागा मात्र ठेवून घेतल्या. मला कोएनपेक्षा या सभ्य गृहस्थांची अधिक भीती वाटते. हळहळायचं आणि नफाही घ्यायचा, ही सोय आपल्यालाही चांगली परिचयाची आहे. देणगीदाराची तसबीर सभागृहात लावताना पैसा कुठून आला, हे विचारणं आपण असभ्यपणाचं मानतो. विचारायलाच हवं. ज्याच्या घामातून तो आला, त्याचा त्या भिंतीवर पहिला हक्क आहे.

होर्नच्या चौकात कोएनचा १८९३ चा पुतळाही आहे. नागरिकांनी आवाज उठवल्यावर त्याच्या फलकावर बांदाच्या हिंसेचा उल्लेख आला. ते योग्यच झालं, पण मला अपुरं वाटतं. बांदाहून निसटलेल्यांचे वंशज केई बेटांवरच्या बांदा एली गावात राहतात आणि चारशे वर्षांनंतरही आपली जुनी भाषा बोलतात. चित्र खुशाल भिंतीवर राहू दे. त्याखालचा मजकूर त्यांच्याकडून, त्यांच्याच भाषेत लिहून घ्यावा.