खालचं रान

दौलताबाद सोडून खुलताबादच्या घाटाकडे निघालं की डोंगराच्या पायथ्याला दोघा भावांचं रान होतं. बाप गेल्यावर चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली. थोरल्याला उतारावरची मुरमाड जमीन आली, धाकट्याला ओढ्याकाठची काळी. विहीर सामाईक राहिली. धाकट्याचं नशीब फळफळलं, असं सगळं गाव म्हणालं. थोरल्याची बायको त्या रात्री जेवली नाही.

धाकटा कष्टाळू होता, हे आधीच सांगितलं पाहिजे. जनावरं शिरू नयेत म्हणून त्याने ओढ्याच्या अंगाला चिलारीचं कुंपण लावलं आणि तीन-चार वर्षांत ते गच्च दाटलं. मग त्याने एक हिशेब मांडला. रमजान फेब्रुवारीत येत होता. उपासाच्या महिन्यात जाधववाडीच्या बाजारात टरबुजाला मागणी असते, भावही चांगला मिळतो. वेल लावल्यापासून फळ तोडायला 70 ते 80 दिवस लागतात. म्हणजे लागवड डिसेंबर उजाडताच करायला हवी. हिशेबात कुठे चूक नव्हती. त्याने मल्चिंग पेपर अंथरला, ठिबक टाकलं आणि रोपांची ऑर्डर सगळ्या रानासाठी दिली.

माय थोरल्याकडे राहायची, पण पहाटे दोन्ही रानांतून चक्कर मारल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. ती धाकट्याला म्हणाली, "लेकरा, टरबूज इथं आत्ता नको लावू. खाली लसूण, कांदा, मेथी, कोबी लाव. हरभरा, गहू घे. त्यांना थंडी मानवते. वेलाला नाही मानवत."

"माय, थंडी काय वर नाही? दादाच्या रानावर काय दुसरं आभाळ आहे?"

"आभाळ एकच आहे. पण गारठा पाण्यासारखा वाहतो. रात्री तो उतारावरनं खाली येतो आणि तुझ्या चिलारीला अडून रानातच तुंबतो. तुझे वडील पहाटे इथं उभे राहायचे आणि म्हणायचे, गुडघ्याच्या खाली वेगळाच महिना चालू आहे."

धाकट्याने मोबाईलवर पाहिलं. चिकलठाण्याचा पारा 12 अंश दाखवत होता. टरबुजाला हे थंडच, पण वेल मरत नाही. तो म्हणाला, "रमजानचा बाजार कुणासाठी थांबतो का?"

माय थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाजाराचा दिवस सगळेच मोजतात, बाबा. आपल्या रानातली वाईट रात्र आपल्यालाच मोजावी लागते. लावायचंच असेल तर निम्मं लाव."

त्याने सगळं लावलं. थोरल्याने मात्र मायचं ऐकून उतारावर निम्म्याच रानात टरबूज घातलं. उरलेल्या निम्म्यासाठी ट्रेमध्ये रोपं मागाहून तयार करायचं ठरवलं.

डिसेंबरच्या शेवटी उत्तरेकडून कोरडे वारे आले. दोन दिवस वारा होता तोवर काही बिघडलं नाही. तिसऱ्या संध्याकाळी वारा पडला आणि आभाळ काचेसारखं लख्ख झालं. ज्यांना ठाऊक आहे ते अशाच रात्रीला भितात. ढग असले की जमिनीची ऊब काही प्रमाणात परत फिरते; निरभ्र, पडलेल्या हवेत ती सरळ वर निघून जाते. थोरल्याने दिवस मावळायच्या आत रानाला पाणी दिलं, कारण ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. वेलांवर पांढरं क्रॉप कव्हर ओढून कडा मातीने दाबल्या. धाकट्याने पुन्हा मोबाईल पाहिला. अंदाज 8 अंशांचा होता. एका रात्रीत काय होतंय, म्हणून तो झोपला.

पण वेधशाळेतला तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण चार फुटांवर असतो. वेल जमिनीवर पसरतो. निरभ्र रात्री या चार फुटांत काही अंशांचा फरक पडतो आणि सखल रानात तो आणखी वाढतो. पहाटे धाकटा उठला तेव्हा बांधावरच्या गवतावर दव गोठून पांढरं झालं होतं. त्याने धावत जाऊन पाचट पेटवलं. शेकोटीचा उपयोग होतो, पण ती आधीपासून जागोजागी मांडलेली हवी. थंडी बसून गेल्यावर पेटवलेली एकटी शेकोटी माणसालाच तेवढी ऊब देते. ऊन चढलं तशी पानं काळी पडून लोळली.

वर थोरल्याच्या रानात वेल मरगळले होते, पण जिवंत होते.

थोरला खाली आला. तो काही बोलला नाही, हे मला त्याचं मोठेपण वाटतं. त्याने ट्रेमध्ये रोपं दुपटीने टाकली आणि थंडी ओसरल्यावर त्यातली निम्मी धाकट्याला दिली. रमजानचा भाव धाकट्याला मिळाला नाही. एप्रिलच्या उन्हाळ्यात फळ विकून त्याने रोपांचं आणि ठिबकचं देणं तेवढं फेडलं.

पुढच्या वर्षी दोघांनी मिळून आधी चिलारीच्या कुंपणात ओढ्याच्या बाजूला बैलगाडी जाईल एवढी वाट पाडली आणि तिला उघड्या गजांचं फाटक बसवलं. गारठा तिथून ओढ्यात उतरू लागला. मग त्यांनी लागवडीचा विचार दोन्ही रानांचा मिळून केला. हिवाळ्यात वेल आणि टोमॅटो वर, हरभरा, लसूण, कोबी खाली. थोरल्याच्या मुरमात कधी झाला नव्हता असा हरभरा काळ्या रानात आला आणि दोन्ही घरांत वाटला गेला. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा येतो, तो धाकटा आता मायला वाचून दाखवतो. माय ऐकते आणि त्यात खालच्या रानासाठी आणखी थोडी थंडी स्वतःच मिळवते.

आपल्याकडे संक्रांत झाली की गारठा गेला असं धरून बी टाकण्याची घाई होते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहराच्या जुन्या नोंदींत पारा 2 अंशांच्या आसपास उतरल्याची तारीख आहे ती 2 फेब्रुवारी 1911, संक्रांतीनंतर अडीच आठवड्यांहून अधिक दिवसांनी. रान असो की परसबाग, यंदा तिच्या सर्वात सखल कोपऱ्यात जमिनीपासून वीतभर उंचीवर एक साधा थर्मामीटर लावा आणि डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत रोज पहाटे वहीत आकडा लिहा.